कृषी संशोधन केंद्राचा पैसा आणि माणसे: वाफसा आला त्या दिवशी हातात काय असते

प्रश्न असा आहे. मराठवाड्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक विचारतात: आमच्या तालुक्यात कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. जमीन आहे, इमारत आहे, विहीर आहे. पण निम्मी पदे रिकामी असल्याचे ऐकतो आणि तूर-सोयाबीनचे पैदासकार बियाणे (वाणाचे मूळ शुद्ध बी, ज्यातून पुढचे बियाणे वाढवतात) मागावे तर पुरत नाही. सरकारने निधी वाढवला, भरती केली तर हे सुटेल का? आणि निवेदन द्यायचे तर त्यात नेमके काय मागायचे?

‘निधी वाढवा, रिक्त पदे भरा’ एवढेच निवेदनात लिहिले, तर ते मंजूर होऊनही तुमच्या केंद्राच्या रानात काही बदलणार नाही, याची तयारी ठेवा. मृगाच्या पावसाने वाफसा आला, म्हणजे जमीन पेरणीजोगी झाली, त्या दिवशी मजुरीला पैसे आहेत का, आणि त्या प्रयोगाची मागची सात-आठ वर्षे माहीत असलेला माणूस बांधावर उभा आहे का, यावर संशोधन केंद्र चालते. मागणी या दोन गोष्टींची करायची. ती कशी करायची हे कळायला पैसा कोणत्या वाटेने येतो आणि कुठे अडतो ते आधी पाहू.

एकूण रक्कम कमी आहे, हे खरेच. २०१४ च्या आकड्यांनुसार भारताचा कृषी संशोधनावरचा सरकारी खर्च शेतीच्या सकल उत्पन्नाच्या ०.३० टक्के होता. त्याच सुमारास ब्राझील १.८ टक्क्यांच्या आसपास खर्च करत होता. काही जण भारताचा आकडा ०.५ च्या पुढे दाखवतात, कारण ते शिक्षण, विस्तार किंवा खासगी कंपन्यांचा खर्चही त्यात धरतात. दोन आकडे शेजारी ठेवताना त्यात काय काय मोजले आहे ते पाहावे. केंद्राच्या कृषी संशोधन व शिक्षण विभागाची २०२५-२६ ची तरतूद १०,४६६ कोटी रुपयांची आहे. ऐकायला मोठी वाटते, पण देशभरातल्या भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्था, त्यांचे पगार आणि निवृत्तिवेतन, समन्वित प्रकल्प आणि ७०० हून अधिक कृषी विज्ञान केंद्रे हे सगळे त्यातच भागवायचे असते.

राज्याच्या अर्थसंकल्पात कृषी संशोधन व शिक्षणाचे मुख्य लेखाशीर्ष २४१५ आहे, भांडवली कामांचे ४४१५. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांना राज्याचे अनुदान याच शीर्षाखाली मिळते. त्याच्या पोटात तीन कप्पे पडतात: ३६ म्हणजे वेतनासाठी सहायक अनुदान, ३१ म्हणजे वेतनेतर, आणि ३५ म्हणजे भांडवली मत्ता उभारण्यासाठी. हे तीन आकडे पाठ करून ठेवा, पुढचा बहुतेक उलगडा त्यांतूनच होतो.

दुसरी वाट दिल्लीहून येते. अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प १९५७ साली मक्यापासून सुरू झाले. आज तूर, सोयाबीन, ज्वारी, कोरडवाहू शेती अशा कितीतरी विषयांचे प्रकल्प आहेत आणि त्यांची केंद्रे राज्य विद्यापीठांत चालतात. या केंद्रांचा रूढ हिशेब ७५:२५ असा: ७५ टक्के भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे, २५ टक्के राज्याचे. परिषद तिच्या बाजूने मंजूर केलेल्या आणि प्रत्यक्ष भरलेल्या पदांचाच पगार देते. पद रिकामे असेल तर ते ७५ टक्के येतच नाहीत. राज्याचा २५ टक्के वाटा वेळेवर पडला नाही, किंवा मागच्या वर्षाचे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) गेले नाही, तर पुढचा हप्ता अडतो. म्हणजे राज्याने एक रुपया वाचवला की दिल्लीचे तीन रुपये थांबतात. हा हिशेब कागदावर कोणालाही दाखवता येतो, आणि आमदारांना तो पटकन पटतो.

तिसरी वाट योजनांची: राष्ट्रीय कृषी विकास योजना, जिल्हा नियोजन समिती वगैरे. त्यांतून यंत्रे, शेडनेट, प्रयोगशाळा मिळते, कायम पद मिळत नाही. म्हणून अनेक केंद्रांवर चांगले यंत्र असते, पण ते चालवणारा नसतो आणि तीन वर्षांनी दुरुस्तीलाही पैसे नसतात. कृषी विज्ञान केंद्राची गोष्ट आणखी वेगळी. तिथला वेतनखर्च परिषद देते आणि काम विस्ताराचे असते. संशोधन केंद्र आणि विज्ञान केंद्र एकाच आवारात असले, की एकाची तक्रार दुसऱ्याच्या नावावर जाते. निवेदनाआधी ते तपासून घ्या.

आता अडते कुठे ते पाहू. नमुन्यासाठी धरा, केंद्राच्या १०० रुपयांतले ९० पगाराचे आहेत आणि १० वेतनेतर. वेतनेतरमध्ये वीजबिल, टेलिफोन, डिझेल, पहारेकरी, दुरुस्ती आणि सगळ्यात शेवटी प्रयोग. वर्षाच्या मध्यात वित्त विभागाने ५ टक्के कपात लावली तर पगाराला हात लागत नाही, वीज तोडून चालत नाही. कपातीचे सगळे ५ रुपये त्या १० रुपयांतून जातात आणि त्यांतही प्रयोगाच्या वाट्यातून. एकूण निधी ९५ टक्के मिळाला असे अहवालात दिसते आणि रानात प्रयोग निम्मेही उरत नाहीत.

पद रिकामे राहिले की त्याचा पगार वाचतो, मग तो मजुरीवर का वापरत नाही, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. वापरता येत नाही. ३६ मधली बचत ३१ मध्ये न्यायची तर पुनर्विनियोजनाची मंजुरी लागते, ती वित्त विभागाकडून आणि बहुधा उशिरा येते. रिकाम्या पदाचे पैसे ३१ मार्चला परत जातात. याची उलट बाजू लोकांच्या लक्षात येत नाही: पदे भरली आणि ३१ तसेच ठेवले, तर तोच कार्यखर्च, म्हणजे प्रयोग चालवण्याचा पैसा, जास्त शास्त्रज्ञांत वाटला जातो. दोन शास्त्रज्ञांचे चार झाले, प्रत्येकाला अर्ध्या प्रयोगाचे पैसे मिळाले. म्हणून भरतीची मागणी करताना प्रत्येक शास्त्रज्ञामागे ठरावीक कार्यखर्चही त्याच प्रस्तावात मागितला पाहिजे.

तो किती असावा? एक प्रयोग धरून मोजू. सोयाबीनच्या २० वाणांची चाचणी, ३ पुनरावृत्त्या (सगळे वाण रानाच्या तीन भागांत एकेकदा), म्हणजे ६० वाफे. प्रत्येक वाफ्यात ४५ सेंमीवर ५ मीटरच्या ४ ओळी, म्हणजे ९ चौरस मीटर. सगळे मिळून ५४० चौरस मीटर, रस्ते आणि कडेच्या ओळी वेगळ्या. गुंठ्यांतच बसणारे हे रान. पण आखणी, हाताने टोकण, नांग्या भरणे, विरळणी, दोन खुरपण्या, फवारण्या, भेसळ झाडे काढणे, वाफागणिक वेगळी कापणी, वेगळी मळणी, वाळवण, वजन, चिठ्ठ्या हे सगळे धरले तर साधारण ६० मजूरदिवस लागतात. ४०० रुपये मजुरी धरली तर २४,००० रुपये. सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन महिन्याला ५७,७०० रुपये आहे. म्हणजे एका चाचणीची अख्ख्या हंगामाची मजुरी त्याच्या अर्ध्या महिन्याच्या मूळ वेतनापेक्षा कमी. इतकी छोटी रक्कम वेळेवर नसल्यामुळे वर्षभराचा पगार दिलेल्या माणसाचे काम वाया जाते. संशोधनाच्या निधीतले सगळ्यात मोठे नुकसान हेच, आणि ते कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

वाया जाते म्हणजे नेमके काय होते, तेही बघा. समजा या चाचणीचे सरासरी उत्पादन हेक्टरी २,००० किलो आहे. कामे नीट झाली आणि वाफ्यावाफ्यांतला अकारण फरक, ज्याला सगळे सीव्ही म्हणतात, तो १२ टक्क्यांवर राहिला, तर दोन वाणांत साधारण ३९६ किलोंचा फरक असल्याशिवाय तो खरा मानता येत नाही. आता पैसे उशिरा आले. पहिल्या पुनरावृत्तीची खुरपणी वेळेवर झाली, तिसरीची दहा दिवसांनी, मधली अर्धी आज आणि अर्धी परवा. काढणीला माणसे कमी पडली, काही वाणांच्या शेंगा रानातच तडकल्या. सीव्ही २० वर गेला, की तोच फरक ६६० किलो लागतो. शेतकऱ्याला १० टक्के जास्त देणारा वाण, म्हणजे २०० किलोंचा फरक, एका चाचणीत मुळातच दिसत नाही. तो अनेक ठिकाणच्या, दोन-तीन वर्षांच्या निकालांची बेरीज करूनच दिसतो. त्यातली काही ठिकाणे सीव्ही जास्त म्हणून बाद झाली, की चांगला वाणही ‘तुलनेच्या वाणाच्या बरोबरीचा’ असा शेरा मिळून बाजूला पडतो. असा वाण होता हेही कोणाला कळत नाही.

हात कमी असले तरी एक शिस्त पाळता येते आणि ती फुकट आहे. जे काम काढाल ते एका पुनरावृत्तीत एकाच दिवशी पूर्ण करा, मग दुसरीला हात लावा. पुनरावृत्ती-पुनरावृत्तीतला फरक गणितात वेगळा काढता येतो, एका पुनरावृत्तीच्या आतला काढता येत नाही. माणसे निम्मी असतील तर २० वाणांच्या तीन चाचण्या अर्धवट घेण्यापेक्षा एक चाचणी पूर्ण घ्यावी. हे सांगायला सोपे आहे. वरून तीनही चाचण्या सोपवलेल्या असताना दोन नाकारायला केंद्रप्रमुखाला पाठबळ लागते.

पैशाचे वर्ष आणि पिकाचे वर्ष जुळत नाही, हाही जुना त्रास आहे. वर्ष एप्रिलला सुरू होते, तरतुदीचे वितरण हप्त्याहप्त्याने होते आणि जूनच्या पेरणीला बहुधा पहिला छोटा हप्ताच हातात असतो. मोठी रक्कम फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. तेव्हा खरिपाचे काही करायचे उरलेले नसते, म्हणून खुर्च्या, संगणक आणि रंगरंगोटी होते. केंद्रप्रमुखाला दोष देण्यात अर्थ नाही, ३१ मार्चला शिल्लक दाखवली तर पुढच्या वर्षी तेवढी कपात होते. टाळेबंदीच्या वर्षी, ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने राज्यातल्या विभागांना तरतुदीच्या ३३ टक्के निधीची मर्यादा घातली आणि आरोग्य व वैद्यकीय शिक्षण वगळून नवी भरती थांबवली. त्या परिस्थितीत ते समजण्यासारखे होते. पण रस्त्याचे काम वर्षभर थांबले तर पुढच्या वर्षी तिथूनच सुरू होते, पैदाशीचे तसे होत नाही. सोयाबीनचे बी साध्या गोदामात एक उन्हाळा काढता काढताच उगवणशक्ती गमावते. प्रमाणित बियाण्याला ७० टक्के उगवण लागते, ती टिकवणेही अवघड जाते. संकराच्या चौथ्या-पाचव्या पिढीतल्या शेकडो ओळी एक हंगाम पेरल्या नाहीत आणि शीतगृहाचे वीजबिल थकले, तर पुढच्या जूनला त्यांतल्या किती उगवतील याची खात्री नसते. संकरापासून प्रसारणापर्यंत ८ ते १२ वर्षे लागतात. एक वर्षाची कपात ही अशा कामात एक वर्षाची नसते.

आता माणसांकडे येऊ, आणि इथे तुमच्याच तुरीचे उदाहरण घेऊ.

तुरीला मर आणि वांझ हे दोन मोठे रोग. बदनापूरच्या केंद्रातून आलेला बीएसएमआर-७३६ हा वाण दोन्हींना दाद देत नाही, म्हणून इतकी वर्षे टिकला. असा वाण निवडायचा तर आधी रोग हुकमी आणता आला पाहिजे. मर रोगासाठी ‘सिक प्लॉट’ लागतो: वर्षानुवर्षे रोगट तूर पेरून, तिची खोडे त्याच मातीत मिसळून बुरशी सगळीकडे सारखी वाढवलेले रान. त्यात दर काही ओळींनंतर आयसीपी-२३७६ हा हमखास बळी पडणारा वाण पेरतात. तो जवळजवळ पूर्ण मेला तरच शेजारची जिवंत ओळ प्रतिकारक मानायची. तो अर्धाच मेला तर त्या वर्षीची निवड फुकट. वांझ रोग पसरतो डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्यांमुळे. तिथे रोगट झाडाची पाने आणून पेरणीनंतर १०-१५ दिवसांच्या रोपाच्या पहिल्या पानांना स्टेपलरने टाचतात, म्हणजे कोळी नव्या रोपावर उतरतात. रोगट पान ताजे हवे, त्यावर कोळी जिवंत हवेत, रोप नेमक्या वयाचे हवे. चार दिवस पुढे-मागे झाले की लागण होत नाही आणि निरोगी दिसणारी सगळी झाडे ‘प्रतिकारक’ म्हणून वहीत चढतात. गंमत अशी की आयसीपी-८८६३ हा मर रोगाला उत्तम प्रतिकारक वाण वांझ रोगाला पटकन बळी पडतो, म्हणून वांझाच्या प्रयोगात तो रोग पसरवायला पेरतात. ओळीची पाटी हलली आणि हे माहीत नसलेल्या माणसाने नोंद घेतली, तर दोन प्रयोगांचे निष्कर्ष उलटे होतात.

हे काम पदव्युत्तर पदवीवर येत नाही. ते एका अनुभवी संशोधन सहायकाच्या आणि दोन जुन्या मजुरांच्या हातात असते. रोगट झाड कोणत्या बांधावर उन्हाळाभर जगवून ठेवले आहे, हे त्यांनाच माहीत असते. ही माणसे निवृत्त होतात आणि त्यांच्या जागी कोणी येत नाही, कारण आकृतिबंधाचा, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्याचा, आढावा निघाला की पहिली कात्री मजूर, ट्रॅक्टरचालक, वेधशाळा निरीक्षक, प्रयोगशाळा सहायक अशा ‘खालच्या’ पदांवर चालते. वृत्तपत्रांत शास्त्रज्ञांच्या रिक्त जागांचे आकडे येतात. माझ्या मते केंद्राला जास्त घायाळ करतात या खालच्या जागा. वेधशाळेत सकाळी ७ आणि दुपारी २ ला नोंद घ्यायची असते, रविवारी आणि दिवाळीलाही. निरीक्षक नसला की वही पहारेकऱ्याच्या हाती जाते आणि तीस वर्षांच्या पर्जन्यनोंदीत अशी वर्षे शिरतात ज्यांच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. दीर्घकालीन खत प्रयोगाचेही तसेच. हा समन्वित प्रकल्प १९७० साली सुरू झाला, अकोला आणि परभणीलाही त्याची केंद्रे आहेत. ज्या वाफ्याला इतकी वर्षे शेणखत दिलेले नाही त्यात एकदा चुकून टाकले, की तो वाफा परत मिळत नाही.

शास्त्रज्ञाचे पद भरायचे म्हणजे काय काय लागते, तेही समजून घ्या, नाहीतर ‘लवकर भरा’ या मागणीला अर्थ राहत नाही. आकृतिबंधात पद मंजूर हवे. बिंदुनामावली, म्हणजे कोणते पद कोणत्या आरक्षणाचे याची यादी, तपासून मागासवर्ग कक्षाकडून प्रमाणित हवी. यातच महिने जातात आणि मध्ये आरक्षणाचा नियम बदलला की पुन्हा पहिल्यापासून. मग वित्त विभागाची मान्यता, जाहिरात, छाननी, निवड समिती, आणि कोणी न्यायालयात गेले तर स्थगिती. तोपर्यंत एकाच माणसाकडे तीन जागांचा अतिरिक्त कार्यभार. तो सकाळी विद्यार्थ्यांना शिकवतो, दुपारी विधिमंडळाच्या प्रश्नाचे उत्तर तयार करतो, संध्याकाळी रानात जातो. एकदा मोठी भरती करून दहा वर्षे थांबणे हा यातला सगळ्यात वाईट प्रकार. सगळे एकाच वयाचे लागतात, एकाच सुमारास निवृत्त होतात आणि मागे शिकवायला कोणी उरत नाही. दरवर्षी थोडी, पण न चुकता भरती व्हायला हवी. पैदासकाराच्या निवृत्तीआधी निदान दोन हंगाम त्याच्या हाताखाली नवा माणूस असला पाहिजे. एका हंगामात ओळी ओळखता येतात, दुसऱ्यात त्या का ठेवल्या हे कळते.

कंत्राटी माणसांना सरसकट नावे ठेवायचे कारण नाही. ठरावीक मुदतीचे सर्वेक्षण, माती परीक्षणाची मोहीम, माहितीची नोंद ही कामे ११ महिन्यांच्या करारावर नीट होतात. पैदास, रोग चाचणी, वेधशाळा, दीर्घकालीन प्रयोग ही कामे होत नाहीत, कारण माणूस शिकून तयार झाला की त्याला कायम नोकरी मिळते आणि तो जातो. त्याने जावेच, त्याचाही संसार आहे.

बढतीच्या नियमांचाही परिणाम आहे. गुण शोधनिबंधांना मिळतात. न्यूक्लिअस बियाणे (वाणाचे अगदी पहिले बी) शुद्ध ठेवण्याला, म्हणजे शेकडो झाडे निवडून प्रत्येकाची वेगळी ओळ पेरून विजोड ओळी उपटण्याला, जवळजवळ काही मिळत नाही. आणि तुम्हाला हवे असलेले पैदासकार बियाणे त्यातूनच निघते.

त्या बियाण्याचा हिशेब एकदा मांडून पाहा, म्हणजे कमतरतेचे कारण कळेल. सोयाबीनचे हेक्टरी ७५ किलो बी लागते आणि बीजोत्पादनात १२ क्विंटल मिळाले तर ते १६ पट होते. १ क्विंटल पैदासकार बियाण्याचे १६ क्विंटल पायाभूत, त्याचे २५६ क्विंटल प्रमाणित. पेरणी होते सुमारे ३४० हेक्टर. तुरीला हेक्टरी १५ किलो लागते, १५ क्विंटल आले तर १०० पट. १ क्विंटलाचे शेवटी १०,००० क्विंटल होतात. म्हणजे सोयाबीनचे बियाणे गणितातच कमी पडते. तिथे केंद्राकडे जास्त जमीन, पाणी, काढणीला यंत्र आणि मळणीला वेगळे खळे लागते. तुरीचे बियाणे गणितात भरपूर आहे, पण मधमाश्यांमुळे तुरीत परपरागीभवन होते. शेजारच्या रानात दुसरी तूर असली की भेसळ होते. तिथे लागते दूर अंतरावरचे रान आणि फुलोऱ्याच्या वेळी रोज फिरणारी नजर. ‘बियाणे द्या’ या एकाच मागणीमागे अशा दोन वेगळ्या गरजा आहेत.

सगळ्याच पिकांचा भार सरकारवर असावा का, असाही प्रश्न येतो. पूर्वी तसा नव्हता. १९२३ च्या कायद्याने कापसावर उपकर बसला, त्यावर भारतीय मध्यवर्ती कापूस समिती चालली आणि १९२४ साली मुंबईत माटुंग्याची कापूस प्रयोगशाळा उभी राहिली. १९४० च्या कायद्याने निर्यात होणाऱ्या शेतमालावर ०.५ टक्के उपकर बसला. तो पैसा कृषी अनुसंधान परिषदेला जाई. २००६ साली तो रद्द झाला. आजही मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटला सभासद कारखाने उसाच्या टनामागे रक्कम देतात आणि द्राक्ष बागायतदारांचा संघ स्वतःच्या वर्गणीवर संशोधन चालवतो. ऊस कारखान्याच्या एका गव्हाणीतून जातो म्हणून तिथे पैसे कापता येतात. तूर, रब्बी ज्वारी, हरभरा हजार बाजारांत विकला जातो. शिवाय हे बहुतेक सरळ, म्हणजे संकरित नसलेले, वाण. शेतकरी घरचे बी ठेवतो, म्हणून खासगी कंपनीला त्यात रस नाही. म्हणजे ज्या पिकांसाठी दुसरे कोणी पैसे देणार नाही, तिथेच सरकारी पैसा सगळ्यात आधी गेला पाहिजे. सरकारी काम मागे पडले की काय होते ते कापसात दिसले. नांदेडचा एनएचएच-४४ हा संकर मराठवाडा-विदर्भात घरोघरी होता. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि खासगी बीटी संकरांनी रान व्यापले. त्याच एनएचएच-४४ चे बीटी रूप महाबीजच्या (राज्य बियाणे महामंडळाच्या) मदतीने येईपर्यंत १५ वर्षांच्या आसपास काळ गेला होता.

आता निवेदन. पुढच्या वर्षाच्या अर्थसंकल्पाचे प्रस्ताव आणि चालू वर्षाचे सुधारित अंदाज पावसाळ्यानंतर तयार होतात, म्हणून ते सप्टेंबरपर्यंत पोहोचले पाहिजे. मार्चच्या अधिवेशनात घोषणा देऊन उपयोग नाही. त्याआधी माहितीच्या अधिकारात केंद्राबद्दल एवढे मागा: मागच्या ५ वर्षांत ३१ या उद्दिष्टाखाली (वेतनेतर कप्प्यात) मागणी किती, मिळाले किती आणि हप्ते कोणत्या तारखांना, त्यातले वीज-डिझेल-पहारा वजा जाता प्रयोगांवर किती, समन्वित प्रकल्पातला राज्याचा २५ टक्के वाटा कधी जमा झाला, पदे मंजूर, भरलेली, अतिरिक्त कार्यभारावरची, यात मजुरांपर्यंत सगळी, सोपवलेल्या चाचण्या किती, घेतलेल्या किती आणि सीव्हीमुळे बाद किती. शेवटचा आकडा मागायला कोणी जात नाही, आणि केंद्राची खरी प्रकृती तोच सांगतो. प्रमुखांना भेटून मागाल तर ते बहुधा आनंदाने देतील.

निवेदनात मग चार ओळी पुरतात. खरिपाचा कार्यखर्च ३१ मेपूर्वी आणि रब्बीचा सप्टेंबरअखेर केंद्राच्या खात्यात यावा. प्रत्येक भरलेल्या शास्त्रज्ञ पदामागे ठरावीक कार्यखर्च असावा आणि कपातीत त्याला हात लागू नये. बियाणे-रोपे विक्रीचे उत्पन्न फिरत्या निधीत केंद्राकडेच राहावे आणि अनुदानातून वजा होऊ नये, कारण वजा झाले तर जास्त बियाणे तयार करण्यात केंद्राला काहीच मिळत नाही. तूर पैदासकाराच्या, रोगशास्त्रज्ञाच्या आणि त्यांच्या दोन क्षेत्र सहायकांच्या जागा निवृत्तीपूर्वी भरायला परवानगी मिळावी. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीसाठी नवा पैसा लागत नाही, म्हणून त्या आधी लिहा.

बियाण्यासाठी मात्र निवेदनाची वाट पाहू नका. पैदासकार बियाण्याची मागणी कृषी खात्यामार्फत वर जाते आणि पेरणीच्या वर्ष-दीड वर्ष आधी नोंदवावी लागते. जूनमध्ये गाडी घेऊन गेल्यावर शिल्लक असेल तेच मिळते. वर्ष-दीड वर्षानंतरच्या मोसमासाठी वाण, क्विंटल आणि कोणत्या गटात किती हेक्टरवर बीजोत्पादन करणार ते लिहून द्या, विद्यापीठाशी बीजोत्पादनाचा करार करा. तुरीसाठी गावातल्या एका शिवारात सगळ्यांनी एकच वाण पेरायचे ठरवले, तर जे अंतर केंद्राला त्याच्या कुंपणाच्या आत मिळत नाही, ते तुम्ही देऊ शकता.